यादीत नाव होतं म्हणून

माझ्या मुलाने आयुष्यात दोनदाच मतदान केलं. दोन्ही वेळा अमेरिकेत, आणि दोन्ही वेळा माझ्या सांगण्यावरून. तिथल्या कुठल्या राज्यात, ते मी लिहिणार नाही. वकिलाने मनाई केली आहे, आणि दुसऱ्याचं न ऐकल्याचे परिणाम मी सध्या पुरते भोगतो आहे. मका पिकवणारं राज्य आहे, एवढं पुरे.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. गाव असोदा, नोकरी बहुतेक सगळी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला, आणि निवृत्तीनंतर जळगावात घर. शिकवण्यात मी बरा होतो, इतकंच. पण निवडणुकीच्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. हे मी म्हणत नाही, तहसीलमधले कारकून म्हणायचे. निवडणुकीची ऑर्डर आली की बाकीचे शिक्षक आजारपणाचे दाखले शोधायला धावायचे. मला ऑर्डर आली नाही तर मी विचारायला जायचो. लोकसभा असो, विधानसभा असो, मी केंद्राध्यक्ष. साहित्य मोजून घ्यायचं, सकाळी उमेदवारांच्या एजंटांसमोर मशीन तपासून दाखवायचं, सीलवर त्यांच्या सह्या घ्यायच्या, यात मला फार सुख वाटायचं. वर्षभर ज्याला मुख्याध्यापकही विचारत नाही, त्याच्या शब्दावर त्या एका दिवशी आमदाराचा माणूससुद्धा रांगेत उभा राहतो.

एकदा डोंगराकडच्या एका केंद्रावर एक एजंट ओरडायला लागला, हा माणूस मध्य प्रदेशातला आहे, याला मत देऊ देऊ नका. मतदार बिचारा ओळखपत्र पुढे धरून उभा. मी यादी पाहिली, नाव होतं. ओळखपत्र पाहिलं, जुळत होतं. मी एजंटाला म्हणालो, "यादीत नाव आहे ना? मग तो कुठला आहे हे बघायचं काम माझं नाही, तुझं तर मुळीच नाही. खाली बस." माणूस मत देऊन गेला. वरच्या साहेबांनी पुढच्या प्रशिक्षणात तो किस्सा मला सगळ्यांसमोर सांगायला लावला. नियमही तसाच होता. नाव यादीत कसं आलं, हे यादी करणाऱ्यांनी आधी बघायचं. केंद्रावर त्याची चर्चा नाही.

नंतर हा किस्सा मी इतक्यांदा सांगितला की आमच्या घरातलं मांजरही तो ऐकून उठून जायचं. मुलगा मात्र दर वेळी ऐकायचा. त्याला माझा अभिमान होता.

मुलगा इंजिनिअर झाला, कंपनीने त्याला तिकडे पाठवलं, तो तिकडचाच झाला. सून चोपड्याची. नात तिथेच जन्मली, आता नऊ वर्षांची आहे, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. बऱ्याच वर्षांनी त्याला ग्रीन कार्ड मिळालं. ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहायची परवानगी. नागरिक नव्हे, पण आता कोणी काढून देणार नाही, अशी आमची समजूत.

ते कार्ड आल्यावर तो गाडीचं लायसन्स बदलून घ्यायला गेला. तिथे खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, मतदार म्हणून नाव नोंदवायचं आहे का? हा म्हणाला, हो. पडद्यावर काहीतरी मजकूर आला, त्याखाली याने सही केली. मी नागरिक आहे, असं त्या मजकुरात लिहिलेलं होतं. याने वाचलं नाही. मागे रांग होती म्हणे. महिन्याभरात मतदाराचं कार्ड टपालाने घरी आलं, आणि त्याने मला फोटो पाठवला.

मला कोण आनंद झाला! आम्ही इथे मतदार नोंदणीचे, नमुना सहाचे फॉर्म काखेत मारून उन्हातान्हात दारोदार फिरलो, लोक दार उघडत नसत. आणि तिकडे गाडीच्या लायसन्सबरोबर माणूस मतदार होतो. मी तो फोटो कॉलनीतल्या ग्रुपवर टाकला.

त्या वर्षी तिकडे राज्यपालाची निवडणूक होती. तिथे राज्यपालसुद्धा लोकच निवडतात, आणि तोच राज्य चालवतो. शिवाय त्यांच्या दिल्लीतल्या दोन्ही सभागृहांचे उमेदवार, राज्यातली दोन्ही सभागृहं, न्यायाधीश, शाळेची समिती, जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, सगळे एकाच कागदावर. संशयास्पद मेलेल्या माणसाची चौकशी करणारा अधिकारीसुद्धा निवडून द्यायचा! मुलाने नमुन्याची मतपत्रिका पाठवली. मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिची मोठी प्रत काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली.

"तुमले काय गरज?" बायको म्हणाली. तिचं माहेर धुळ्याकडचं, घरात ती अहिराणीतच बोलते. "तठली निवडणूक तुम्ही लढी राहिनात का?"

त्या रात्री जेवणाआधी आमचा व्हिडिओ कॉल झाला. तिकडे सकाळ होती. मुलाच्या हातात फोन, मागे ओट्यापाशी सून नातीचा पाळणाघरात न्यायचा डबा भरत होती. मी त्याला कागद कसा भरायचा ते समजावत होतो. सून मागूनच म्हणाली, "नाना, ग्रीन कार्डवाल्यांना मत नसतं ना? ते फक्त नागरिकांना असतं. माझ्या ऑफिसातली एक म्हणत होती."

मी हसलो. मला ते हसू आजही ऐकू येतं. मी म्हणालो, "बेटा, यादी कोण करतं? सरकार. त्याचे सगळे कागद कोणाकडे आहेत? सरकारकडे. तो कोण आहे हे त्यांना माहीत नसताना त्यांनी नाव घातलं का? अगं, मी आयुष्यभर दुसरं काय केलं?" तिने डब्याचं झाकण लावलं.

मुलगा दोघांच्या मध्ये उभा. "नाना, मग जाऊ ना?"

"जा. नाव असून मत न देणं हा गुन्हा आहे," मी म्हणालो.

गुन्हा हा शब्द मीच वापरला होता. तो गेला. लायसन्स दाखवलं, यादीत नाव सापडलं, काळ्या पेनाने गोल भरले, बाहेर पडताना छातीवर चिकटवायला गोल स्टिकर मिळाला. बोटाला शाई नाही म्हणून मी जरा नाराज झालो, तेवढंच. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली तेव्हा सुनेने विषयच काढला नाही, आणि मीही तिला विचारलं नाही. तोवर त्या राज्यातले जिल्हे मला आपल्या तालुक्यांसारखे पाठ झाले होते. कुठला जिल्हा कोणाकडे झुकतो, हे मी कट्ट्यावर बसून सांगायचो, आणि लोक कौतुकाने ऐकायचे. माझ्यासारखा मूर्ख दुसरा नसेल.

ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाल्यावर मुलाने नागरिकत्वाचा अर्ज भरला. त्यात एक प्रश्न असतो: तुम्ही इथे कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं आहे का? पुढे दुसरा: कधी मतदान केलं आहे का? त्याने मला फोन केला. त्याला शंका आली नव्हती, त्याला आनंद झाला होता. तो म्हणाला, "नाना, हेपण विचारलंय. दोन्ही वेळचं लिहितो." आम्हाला दोघांनाही वाटलं, हे गुण मिळवायचे प्रश्न आहेत. देशाच्या कामात भाग घेतो म्हणून माणूस पसंत पडेल. मी म्हणालो, "ठळक लिही."

मुलाखतीत अधिकारी बाई सगळे प्रश्न भराभर विचारत गेल्या. या प्रश्नापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. उत्तर वाचून त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, हे तुम्हाला खरंच असंच लिहायचं होतं का? हा म्हणाला, हो, दोन वेळा केलं आहे. त्यांनी त्याच्याकडून तसं लिहून घेतलं. दोन महिन्यांनी नोटीस आली. नागरिक नसताना मतदान केलं, म्हणून देशाबाहेर का काढू नये, याचं उत्तर द्यायला कोर्टात हजर राहा.

तो फोन आला तेव्हा मी कॉलनीतल्या बाकावर बसलो होतो. मुलगा हळू आवाजात सगळं सांगत होता. 'तुम्ही म्हणाला होतात' हे शब्द तो एकदाही बोलला नाही. ते बोलला असता तर बरं झालं असतं. शेजारी बसलेल्या सद्‌गृहस्थांनी विचारलं, "काय भाऊ, झाला का मुलगा नागरिक?" मी म्हणालो, "कागद चालू आहेत." तिथून घरापर्यंत चार मिनिटांचा रस्ता आहे. मला किती वेळ लागला, सांगता येत नाही.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. मी माणसांना भेटत सुटलो. कोणी काही करू शकणार नाही हे माहीत असूनही भेटत सुटलो. एक जुना विद्यार्थी एका आमदाराच्या कार्यालयात आहे, त्याला गाठलं. त्याने चहा पाजला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. धुळ्याला बायकोच्या माहेरचे ओळखीचे एक मारवाडी कापडवाले आहेत, त्यांचे दोन पुतणे अमेरिकेत आहेत. मी सकाळची एसटी धरून धुळ्याला गेलो. गादीवर बसून त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, पुतण्याला तिथूनच फोन लावला, बराच वेळ बोलले, फोन ठेवला. मग म्हणाले, "गुरुजी, तो म्हणतो, चांगला वकील धरा, दुसरा इलाज नाही." मला दारापर्यंत सोडताना म्हणाले, "राग मानू नका, पण आमच्यात सही करायच्या आधी तीनदा वाचायला शिकवतात पोरांना." मी राग मानला नाही. मी माझ्या पोराला काय शिकवलं होतं, ते मला माहीत होतं.

मधल्या काळात मुलाने तिथल्या कार्यालयाला पत्र लिहून यादीतून आपलं नाव काढून घेतलं. नाव वगळल्याचं उत्तर आलं. तोही फोटो त्याने मला पाठवला. तो मात्र मी कोणाला दाखवला नाही.

वकील भला माणूस होता. त्याने मुलामार्फत मला सगळं समजावलं. मत दिलं हे नाकारता येत नाही, ते तर यानेच लिहून दिलं आहे. पण इतकी वर्षं राहिलेल्या, काही वाईट न केलेल्या माणसाला माफ करण्याचा अधिकार न्यायाधीशाला असतो. मुलगी तिथली नागरिक आहे, तिचं शाळेचं वय आहे, नोकरी चांगली आहे. बाकी सगळं एका गोष्टीवर ठरणार: हा माणूस सरळ आहे, आणि हे कुटुंब खरं बोलणारं आहे, हे न्यायाधीशांना पटायला हवं. मत द्यायला मुलाला मी सांगितलं होतं, म्हणून माझी साक्ष लागणार होती. व्हिडिओवरून, मराठी दुभाषा घेऊन.

वकिलाने मला दोन गोष्टी बजावल्या. साक्षीबद्दल मुलाशी बोलायचं नाही, आणि जे झालं तेवढंच सांगायचं. दुसरी गोष्ट ऐकून मी मनातल्या मनात हसलो. मी काय वकील पाहिले नाहीत? वकील उघडपणे थोडंच सांगणार की अमुक लपवा! समजणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. कुठली गोष्ट लपवायची, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. सुनेने ओट्यापाशी उभं राहून सांगितलं होतं, ती. मुलाला आधीच सावध केलं होतं हे कोर्टाला कळलं, तर 'अजाणता झालं' कोण म्हणेल? आणि ते वाक्य ऐकलेली माणसं जगात तीनच. मी बायकोला म्हणालो, हे मी सांगणार नाही.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बठ्ठं खरं सांगी टाका. आपला पोऱ्या खोटं बोलाव नही."

"तुला कोर्टातलं काय कळतं?" मी म्हणालो.

साक्षीचा दिवस आला. तिकडची सकाळ, आपली संध्याकाळ. मी दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, निवडणुकीच्या दिवशी घालायचो तसा. टेबलावर लॅपटॉप मांडला. साक्षीदाराला आपली पाळी येईपर्यंत आत घेत नाहीत, पडद्यावर नुसतं 'थांबा' लिहिलेलं असतं. मी तासभर त्या शब्दाकडे बघत बसलो. बायको देवापाशी जाऊन बसली होती. आत काय चाललं आहे हे कळायला मार्ग नव्हता.

मग एकदम सगळे चेहरे उघडले. न्यायाधीश बाई पिकल्या केसांच्या, चष्म्याच्या. मुलगा टाय लावून एका लहानशा चौकोनात. किती वाळला होता! दुभाषा मुंबईकडचा असावा, फार अदबीने बोलत होता. शपथ झाली. आमच्या वकिलाने विचारलं, तुम्ही मुलाला मत द्यायला सांगितलंत का? मी म्हणालो, हो. का? मग मी सगळं सांगितलं. माझं निवडणुकीचं काम, यादीचा नियम, तो डोंगराकडचा माणूससुद्धा. बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. एकदा किंचित हसल्यासारख्या वाटल्या. मला वाटलं, जमलं.

मग सरकारी वकील. कोवळा मुलगा होता, आवाज मऊ. त्याने विचारलं, "मत देण्याआधी, तुला मत देता येत नाही, असं घरातल्या कोणी तुमच्या मुलाला सांगितलं होतं का?"

"नाही. कोणीही नाही," मी म्हणालो.

"तुमच्या सुनेने?"

माझ्या जागी दुसरा कोणीही असता तर तिथेच सावध झाला असता. सुनेचं नाव याच्या तोंडात आलंच कसं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मला वाटलं, तो अंधारात दगड मारतो आहे. असे एजंट मी शेकड्यांनी खाली बसवले होते. मी म्हणालो, "ती या विषयात कधी बोलतच नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

"शंभर टक्के."

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. लहानशा चौकोनात मुलाने मान खाली घातली. मला वाटलं, सुटकेने घातली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, माझे आभार मानले, आणि पडदा काळा झाला. मी उठून देवापाशी गेलो आणि बायकोला म्हणालो, "झालं. चांगली झाली साक्ष."

अर्ध्या तासाने वकिलाचा फोन आला. त्याचं इंग्रजी मला एरवी तुटक समजायचं, त्या दिवशी एकेक शब्द समजला. माझ्याआधी तासभर मुलाची साक्ष झाली होती. त्याला तोच प्रश्न विचारला होता, आणि त्याने सरळ उत्तर दिलं होतं: हो, बायकोने सांगितलं होतं, मी गोंधळलो, वडिलांना विचारलं, आणि वडिलांचं ऐकलं. न्यायाधीशांना ते पटलंही होतं, असं वकिलाला वाटत होतं. तो मला म्हणाला, मी तुम्हाला फक्त जे झालं ते सांगायला सांगितलं होतं. तो ओरडला नाही. निकाल लेखी येईल, काही आठवडे लागतील, आता काय होईल ते सांगता येत नाही, एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

बायको दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. ती आत गेली आणि तिने गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी माफी मागायची तयारी करून बसलो होतो, शब्द जुळवून ठेवले होते. त्याने आईची चौकशी केली, माझ्या गोळ्यांची चौकशी केली. मागे नात कुठलंसं गाणं म्हणत होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "वडिलांचं का ऐकलंस आणि बायकोचं का नाही, असं नाही का विचारलं तुला त्यांनी?"

"विचारलं ना," तो म्हणाला.

"मग तू काय सांगितलंस?"

त्याने नातीला बूट घालायला सांगितलं. मग म्हणाला, "मी म्हणालो, माझे वडील कधी खोटं बोलत नाहीत."

नातीला शाळेत सोडायचं होतं, त्याला उशीर होत होता. त्याने फोन ठेवला.